पटावरचे आणि पटाबाहेरचे
टोकावडे परिसरातील प्राथमिक शाळांच्या इतिहासाची प्रस्तावना

शाळेची पन्नाशी किंवा शंभरी भरली की गावात स्मरणिका निघते. पहिल्या पानावर सरस्वती, मग मान्यवरांचे शुभसंदेश, मग आजवरच्या मुख्याध्यापकांची नामावली, देणगीदारांचे फोटो आणि शेवटी तालुक्याच्या दुकानदारांच्या जाहिराती. डॉक्टर, फौजदार, इंजिनिअर झालेले माजी विद्यार्थी दोन-चार आठवणी लिहितात. त्यांत एक छडी मारणारे गुरुजी असतात आणि एक मायाळू बाई असतात. अशा स्मरणिकांना नावे ठेवायची नाहीत, गावाने हौसेने केलेले काम असते ते. पण त्यांतून शाळेचा इतिहास कळत नाही, शाळेतून जे पुढे गेले तेवढ्यांचाच कळतो. दुसरीतून, तिसरीतून ज्यांचे नाव कमी झाले ती मुले कुठल्याच स्मरणिकेत नसतात. टोकावड्यासारख्या भागात शाळेचा इतिहास लिहायचा तर या मुलांपासून सुरुवात केली पाहिजे, असे माझे मत आहे, आणि या प्रस्तावनेत मला तेवढेच सांगायचे आहे.

आधी गाव कुठे आहे ते सांगतो. कल्याणहून मुरबाड, तिथून सरळगाव, मग टोकावडे; पुढे वैशाखरे, मोरोशी आणि माळशेज घाट. मुरबाडला अजून रेल्वे नाही. त्यामुळे बदली होऊन येणारे गुरुजी, पाठ्यपुस्तकांचे गठ्ठे, तपासणीचे साहेब आणि मुंबईच्या बातम्या, सगळे याच रस्त्याने आले. शेजारच्या शहापुरात रेल्वे १८६० च्या सुमारासच पोचली, तरी तिथल्या डोंगराकडच्या पाड्यांची गत फारशी वेगळी झाली नाही. शाळा आधी रस्त्यावरच्या गावात येते आणि ओहोळापलीकडच्या वाडीत तिला पोचायला पिढी जाते. पावसाळ्यात ओहोळ भरला की पलीकडची मुले घरी, आणि गुरुजी पलीकडे राहणारे असतील तर शाळाच बंद. म्हणून टोकावड्याच्या शाळेचा इतिहास एकट्या टोकावड्याचा लिहून भागत नाही. भोवतालच्या ठाकूरवाड्या, कातकरीवाड्या, महादेव कोळ्यांच्या वस्त्या त्यात घ्याव्याच लागतात.

या भागाची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. वैशाखऱ्यावरून चढणाऱ्या वाटेने नाणेघाटात गेले की सातवाहन राणी नागनिकेचा म्हणून ओळखला जाणारा ब्राह्मी लेख लेण्याच्या भिंतीवर दिसतो. यज्ञांत दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, घोडे, हत्ती आणि कार्षापणे यांचे आकडे त्यात कोरलेले आहेत. भारतातल्या अतिप्राचीन कोरीव अंकांत त्यांची गणना होते. कर्नल साइक्स यांनी १८२८ मध्ये हा लेख पाहिला, पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी त्यातल्या अंकांचा छडा लावला. घाटाच्या माथ्यावर दोन हजार वर्षांपूर्वी अंक कोरले गेले, आणि पायथ्याच्या कित्येक वाड्यांत स्वतःच्या मजुरीचा हिशेब मांडू शकणारी पहिली पिढी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली. मधल्या काळात हिशेब होता, पण तो सावकाराच्या आणि भाताच्या व्यापाऱ्याच्या वहीत होता.

मुरबाडचे शिक्षणाशी दुसरे नाते याहून सरळ आहे. जगन्नाथ शंकरशेट, म्हणजे आपले नाना, १८०३ मध्ये मुरबाडला जन्मले. मुंबईत नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीच्या कामात ते होते आणि १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन झाल्यावर त्याचे सभासद झाले. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल इंग्रजीकडे होता. पैसा थोडा आहे, तेव्हा वरच्या थरातल्या थोड्या मुलांना तो खर्चून नीट शिकवावे, असा त्यामागचा विचार. नानांनी विरोध केला. विद्या सर्वसामान्य लोकांपर्यंत न्यायची असेल तर ती त्यांच्याच भाषेतून गेली पाहिजे, हा त्यांचा मुद्दा. रेल्वेच्या पहिल्या संचालकांत बसलेला, मुंबईतल्या सर्वांत श्रीमंतांत गणला जाणारा हा माणूस मराठी शाळेची बाजू लढवत होता. आज त्यांच्याच तालुक्यात सकाळी इंग्रजी माध्यमाच्या पिवळ्या गाड्या वाड्यांच्या तोंडाशी येऊन मुले गोळा करतात. पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. पण पेरी साहेब शेवटी जिंकले की काय, असे मनात येतेच.

पैशाचा प्रश्नही तेव्हापासूनचा. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवण्यात आला आणि त्याचा तिसरा हिस्सा शाळांसाठी राखला गेला. भात पिकवणारा मुरबाडचा कुणबी हा आणा भरत होता, शाळा त्याच्या गावात असो वा नसो. महात्मा फुल्यांनी १९ ऑक्टोबर १८८२ च्या हंटर आयोगापुढील निवेदनात बोट ठेवले ते याच जागी: सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांवर होतो. प्राथमिक शिक्षण निदान बाराव्या वर्षापर्यंत सक्तीचे करावे, ही मागणीही त्यात होती. पुढे राज्यघटनेच्या ४५ व्या कलमाने दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे ठरवले. प्रत्यक्षात हक्काचा कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. फुल्यांच्या निवेदनाला तोवर सव्वाशे वर्षे उलटून गेली होती.

कारभाराचा इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण तो सगळ्या जिल्ह्याला सारखाच आहे. आधी सरकारी खाते, १८८४ नंतर लोकल बोर्ड, १९२३ च्या कायद्याने स्कूल बोर्ड, १९४७ चा प्राथमिक शिक्षण कायदा आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषद. पाटीवरच्या नावावरूनही काळ ओळखता येतो. ‘जीवन शिक्षण मंदिर’ असे नाव दिसले की समजावे, ही वर्धा योजनेची, मूलोद्योग शिक्षणाची छाया आहे. तिथे कधीकाळी मुलांच्या हातात टकळी होती. ‘वस्तीशाळा’ म्हणून सुरू झालेली असेल तर २००० नंतरची.

आता मुख्य कागदाकडे येतो. मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात सर्वांत खाली, गाठोड्यात बांधलेले एक रजिस्टर असते. त्याला शाळेत ‘जनरल रजिस्टर’ म्हणतात. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची ती कायमची नोंद. हजेरीपट दर महिन्याला नवा होतो आणि यथावकाश नष्ट होतो, जनरल रजिस्टर नष्ट करता येत नाही. जाड पुठ्ठ्याचे, आडवे पान, आणि पानभर उभे रकाने. अनुक्रमांक, मुलाचे पूर्ण नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, पूर्वीची शाळा, दाखल केल्याची तारीख, इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, शाळा सोडण्याचे कारण, शेरा. आईच्या नावाचा रकाना फार उशिरा आला.

असे एखादे जुने पान सावकाश वाचून पाहा. जन्मतारखांच्या रकान्यात १ जून, १ जून, पुन्हा १ जून. वाडीतली सगळी मुले एका दिवशी जन्मली नव्हती. आईला आठवण असे ती आवणीच्या वेळी की भात झोडताना मूल झाले याची, आणि फार तर त्या साली पूर आला होता किंवा रोगाची साथ होती एवढी. गुरुजींना तारीख लिहिणे भाग होते आणि जूनमध्ये वय पुरे भरले पाहिजे असा नियम. त्यांनी मुलाचे दात पाहिले, उंची पाहिली, डोक्यावरून हात फिरवून कान पकडायला सांगितला आणि १ जून लिहून टाकले. त्या अंदाजावर माणसे नोकरीला लागली आणि त्याच अंदाजावर निवृत्त झाली. गावोगावच्या निवृत्तीच्या समारंभांची मे महिन्यात दाटी होते, त्याचे मूळ इथे आहे.

मग ‘शाळा सोडण्याचे कारण’ हा रकाना. माझ्या मते रजिस्टरमधला सर्वांत बोलका आणि सर्वांत कमी वाचला गेलेला. ‘चौथी पास’, ‘पुढील शिक्षणासाठी’ ही कारणे आहेतच. पण त्यांच्या मधून मधून ‘परगावी गेल्याने’, ‘घरकामास्तव’, ‘सतत गैरहजर सबब नाव कमी’ असे शेरे भेटतात. वर्तणूक ‘चांगली’, प्रगती ‘बरी’, आणि नाव कमी. सोडल्याची तारीख पाहिली तर बरेचदा ती दिवाळीनंतरची निघते.

दिवाळीनंतरच का, हे या भागात कोणी विचारत नाही. भात कापून झोडून झाले की वाडीत काम उरत नाही. कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात, पावसाळ्यात घेतलेली उचल फेडायला. भिवंडी, कल्याण, वसई, पनवेल, जिथे भट्टी लागेल तिथे. आईबापांबरोबर मुलेही जातात, कारण घरी ठेवायला माणूस नसतो, आणि विटा थापताना, उलटताना लहान हातही कामाला येतात. मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर कुटुंब परत येते. म्हणजे शाळा जूनमध्ये सुरू होते तेव्हा मूल गावात असते. जुलैत आवणी लागते तेव्हा शेताच्या बांधावर धाकटे भावंड सांभाळत असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वर्गात बसते. आणि अक्षर ओळखू लागते न लागते तोच दिवाळीची सुट्टी लागते. त्या सुट्टीनंतर ते परत येत नाही. पुढच्या जूनला ते पुन्हा पहिलीत. दोन-तीन वर्षे असे झाले की मूल वयाने मोठे दिसू लागते, बाकीची हसतात, आणि तेव्हा नाव खऱ्या अर्थाने कमी होते. शाळेचे वेळापत्रक भातशेतीच्या आणि भट्टीच्या वेळापत्रकाशी कधी जुळलेच नाही. रजिस्टरने याला ‘गैरहजर’ म्हटले. गैरहजर कोण होते, मूल की शाळा, हा प्रश्न विचारायला रकाना नव्हता.

तो प्रश्न विचारणारी माणसे याच जिल्ह्यात होऊन गेली, हे मात्र अभिमानाने सांगितले पाहिजे. पालघर वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. त्याआधी बोर्डी आणि कोसबाड ठाणे जिल्ह्यातच. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात नेऊ, म्हणून अंगणवाडी. गुरे राखायला जातात तर कुरणात नेऊ, म्हणून कुरणशाळा. १९९० च्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर भोंगा शाळा काढल्या, त्या याच जातकुळीतल्या. आणि त्याही आधी, मुरबाडच्या सीमेपलीकडे कर्जत तालुक्यात, भाई कोतवालांनी शेतकऱ्यांच्या मुलांसाठी स्वयंसेवी शाळा चालवल्या होत्या. २ जानेवारी १९४३ ला मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडावर हिराजी पाटलांसह ते हुतात्मा झाले ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. त्यांच्या शाळा आणि धान्यकोठ्या फारशा कोणाला आठवत नाहीत. सरकारी शाळेच्या इतिहासात या प्रयोगांना तळटीपेची जागा मिळते. ती वाढवून द्यायला हवी.

याच जनरल रजिस्टरला आता वेगळेच मोल आले आहे. जातीच्या दाखल्याची पडताळणी करताना समिती जुना पुरावा मागते: अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा, अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. असा कागद भूमिहीन कुटुंबात कुठून असणार? सातबारा नाही, खरेदीखत नाही. आजोबा दीड वर्ष शाळेत गेले असतील तर तेवढीच एक ओळ. म्हणून मुंबईत कॉलेजात असलेला नातू टोकावड्याकडच्या एखाद्या शाळेत येऊन गुरुजींना जुने रजिस्टर काढायची विनंती करतो. जो मुलगा ‘सतत गैरहजर’ म्हणून काढला गेला, त्याच्याच नोंदीवर नातवाची मेडिकलची जागा ठरते.

आणि ती नोंद कोणी कशी लिहिली यावर सगळे अवलंबून. गुरुजी घाटावरचे, इथे नवे. ठाकरांत ‘म’ ठाकूर आणि ‘क’ ठाकूर असतात हे त्यांना ठाऊक असेलच असे नाही. त्यांनी ‘हिंदू ठाकूर’ लिहिले. महादेव कोळ्याच्या पोराचे नुसते ‘कोळी’ लिहिले. कातकऱ्याला कोणी काथोडी म्हटले, कोणी काथकरी. त्या वेळी याने काही बिघडत नव्हते. साठ-सत्तर वर्षांनी एका गाळलेल्या शब्दासाठी कुटुंब समितीच्या दारात वर्षानुवर्षे उभे राहते. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रभर हीच कपाटे उघडली गेली, मोडी वाचणाऱ्यांना अचानक बोलावणी आली. शाळेचे रजिस्टर हा गावाचा सामाजिक दस्तऐवज आहे, हे तेव्हा मंत्रालयालाही उमगले. कागद मात्र तोवर वाळवीने आणि गळक्या कौलांनी बराच खाल्ला होता.

मुलींच्या नोंदी वेगळ्या वाचाव्या लागतात. आधी त्या थोड्या, आणि असतील तिथे पुष्कळदा तिसरीपर्यंतच. लग्नानंतर बाईचे नाव बदलते, गाव बदलते. माहेरचे नाव कागदावर राहते ते शाळेच्या दाखल्यात. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेत अधिवासाच्या दाखल्याऐवजी शाळा सोडल्याचा दाखला चालेल असे ठरले, तेव्हा ज्या बाईचे नाव चार महिने का होईना पटावर होते तिच्या हाती तो एक पुरावा होता. जिचे नाव कधीच पटावर आले नाही, तिच्या हाती तोही नाही. अशा बायकांसाठी याच मुरबाड तालुक्यात, फांगणे गावात, ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. जिल्हा परिषदेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांची ती कल्पना, आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टचे साहाय्य. साठीच्या पुढच्या बायका, गुलाबी नऊवारी हा गणवेश, खांद्याला दप्तर, हातात पाटी. जगभरच्या वर्तमानपत्रांनी फोटो छापले, कौतुक केले. कौतुक रास्तच आहे. पण त्या फोटोतल्या प्रत्येक आजीच्या मागे गावच्या पटावरचा एक रिकामा रकाना आहे, आणि त्यांतले काही १९५० ते ६० च्या दरम्यानचे असणार, म्हणजे घटनेने मुदत घालून दिली होती नेमक्या त्या दहा वर्षांतले.

अलीकडचा काळ बराच लिहिला गेला आहे, त्यावर थोडेच. १९९५ नंतर तांदूळ आला, पुढे खिचडी शिजू लागली, आणि हजेरीवर तिचा परिणाम झाला हे कोणताही शिक्षक सांगेल. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावर संदीप गुंड यांनी जिल्हा परिषदेची शाळा डिजिटल करून दाखवली आणि बघायला लांबून माणसे आली. त्याच काळात कमी पटाच्या शाळा बंद करण्याचे निर्णयही झाले. २०१७ च्या अखेरीस राज्यातल्या सुमारे १,३०० शाळांवर ही वेळ आली, २०२३ मध्ये ‘समूह शाळा’ हा नवा शब्द आला. दहा मुलांची शाळा खर्चिक असते, हे हिशेबाने खरे. पण ओहोळ भरल्यावर सहा वर्षांचे मूल दोन किलोमीटरवरच्या समूह शाळेत कसे जाणार, हे या भागात एक पावसाळा काढलेल्या माणसाला विचारून मग हिशेब मांडावा. शाळा बंद झाली की तिचे रजिस्टर दुसऱ्या शाळेत जमा होते, आणि त्या वाडीचा इतिहास परक्या कपाटात जाऊन पडतो.

म्हणून हा इतिहास लिहिण्याचे काम आता लांबणीवर टाकण्यासारखे नाही. टोकावडे आणि भोवतालच्या गावांतल्या वाचकांना माझे सांगणे एवढेच. घरातला जुना शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तक, वर्गाचा फोटो असेल तर त्याची प्रत गावच्या शाळेत द्या. शाळा व्यवस्थापन समितीत असाल तर जनरल रजिस्टरच्या प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र काढून घ्यायचा ठराव या वर्षीच मांडा, आणि मूळ प्रत जमिनीपासून वर, कोरड्या जागी ठेवा. सेवानिवृत्त गुरुजी-बाईंनी आपण कोणत्या वाडीतून मुले कशी गोळा करून आणली, ते कसेही, मोडक्यातोडक्या भाषेत का होईना, लिहून काढावे. आणि वाडीवर ज्या आजी-आजोबांनी शाळेची पायरी कधी चढलीच नाही, त्यांच्याकडे जाऊन ती का चढता आली नाही ते विचारा, त्यांच्याच बोलीत टिपून घ्या. त्यांच्यापैकी बरेच जण ऐंशीच्या पुढे आहेत.